अमेरिकेतील मुलांची उन्हाळी शिबिरे आणि वादळी दिवस

शाळेच्या सुट्टीत मुलांना काही आठवडे रानात, एखाद्या तळ्याकाठी शिबिराला पाठवण्याची प्रथा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. शिबिरांचा हंगाम जून अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंतचा. ईशान्येकडील न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्कच्या डोंगराळ भागात गडगडाटी वादळांचेही हेच दिवस असतात. दिवसभर ऊन तापते, दुपार कलताच डोंगरामागून ढग चढतात आणि आपल्याकडच्या वळवासारखा पाऊस तासाभरात सारे झोडपून जातो. कधी दोन-तीन दिवसांची झडही लागते. मुलांनी कष्टाचे, उघड्यावरचे आयुष्य अनुभवावे हा शिबिरांचा मूळ हेतू होता. तरी पुढच्या दीडशे वर्षांत तिथे जे जे कायमस्वरूपी उभे राहिले, त्यातले बरेचसे पावसाला आणि वाऱ्याला उत्तर म्हणूनच उभे राहिले.

या प्रथेचा आरंभ सहसा 1861 सालापासून मानतात. कनेक्टिकटमधील वॉशिंग्टन या गावी ‘गनरी’ नावाची निवासी शाळा चालवणारे फ्रेडरिक गन त्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन सुमारे 40 मैल चालत मिलफर्डच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले आणि तिथे त्यांनी तळ ठोकला. यादवी युद्ध नुकतेच पेटले होते आणि सैनिकांसारखे तंबूत झोपण्याची मुलांना हौस होती. 1876 मध्ये डॉ. जोसेफ रॉथरॉक यांनी पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरात अशक्त मुलांसाठी शिबिर काढले. 1881 मध्ये अर्नेस्ट बाल्च या तरुणाने न्यू हॅम्पशायरमधील स्क्वाम तळ्यातल्या एका बेटावर ‘कॅम्प चोकोरुआ’ सुरू केले. तिथे नोकर नव्हते. स्वयंपाक, भांडी, झाडलोट ही कामे सधन घरांतली मुले पाळीपाळीने स्वतः करत. 1885 मध्ये समनर डडली सात मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्यातील ऑरेंज तळ्यावर गेले. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या आश्रयाने वाढलेले हे शिबिर पुढे शँप्लेन तळ्याकाठी गेले आणि ‘कॅम्प डडली’ या नावाने आजही चालू आहे.

सुरुवातीच्या काळात निवारा म्हणजे लष्करी धाटणीचा जाड सुती कापडाचा तंबू. तो वादळात टिकवणे हे एक कसबच होते आणि मुलांना ते पहिल्याच दिवशी शिकावे लागे. जागा निवडताना जमीन उंचवट्याची, किंचित उताराची आणि पाणी चटकन जिरवणारी पाहत. मोठ्या झाडाखाली तंबू ठोकणे टाळत, कारण वाऱ्यात फांद्या मोडतात आणि पाऊस थांबल्यावरही पानांतून तासन्‌तास थेंब गळत राहतात. तंबूभोवती वीतभर खोल चर खणून त्याचे तोंड उताराकडे काढून देत. ते राहून गेले, तर पहाटे गवत भरलेल्या गाद्या चिंब झालेल्या असत.

तणाव्यांकडे त्याहून जास्त लक्ष द्यावे लागे. सुती किंवा अंबाडीसारख्या धाग्यांच्या दोऱ्या भिजल्या की तंतू फुगतात आणि दोरी आखडते. सरींचा जोर वाढला की आखडलेले तणावे एक तर मेखा उपटून काढत किंवा कापड फाडत. म्हणून पावसाची चिन्हे दिसताच, मग रात्र असली तरी, गटप्रमुख कंदील घेऊन प्रत्येक तंबूपाशी जाई आणि मुले बाहेर येऊन तणावे सैल करत. सकाळी ऊन पडल्यावर दोऱ्या वाळून ढिल्या होत, तेव्हा त्या पुन्हा ताणायच्या. दुसरा नियम आत झोपणाऱ्यांसाठी होता. ओल्या छताला आतून बोट लावायचे नाही. भिजलेले सुती धागे फुगून एकमेकांना घट्ट भिडतात आणि पाणी बाहेरच थोपवतात, पण आतून स्पर्श झाला की त्या जागेपासून पाणी झिरपू लागते. नव्या मुलाला ही गोष्ट बहुधा एका रात्रीत पटत असे.

स्वयंपाकाची खरी परीक्षा झडीत होई. चुलीवर कापडी छत ताणलेले असे, पण वारा फिरला की धूर परत आत यायचा. कोरडे जळण आधीच ताडपत्रीखाली रचून ठेवणे हे त्या दिवशीच्या पाळीच्या गटाचे काम असे. तेही भिजले, तर उभ्या वाळलेल्या झाडाचे लाकूड फोडून आतला कोरडा गाभा काढत आणि भूर्ज वृक्षाच्या तेलकट सालीवर तो पेटवत, कारण ही साल ओली असतानाही जळते. आरोग्याची काळजी वेगळी होती. पावसाचे पाणी शौचाच्या चरांतून वाहत विहिरीकडे किंवा तळ्याकडे गेले, तर विषमज्वराची साथ पसरण्याचे भय असे. म्हणून ते चर पिण्याच्या पाण्यापासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला खणत.

बिगुलाच्या तालावर चालणारे वेळापत्रक पावसात कोलमडे. एरवी उठल्याबरोबर तळ्यात डुबकी, न्याहारी, तंबूंची तपासणी, खेळ, पोहणे, विश्रांती, नौकाविहार आणि रात्री शेकोटी असा क्रम असे. झड लागली की यातले निम्मे बंद पडे आणि कोंडलेल्या मुलांना घराची आठवण येऊ लागे. वायएमसीएचे अनुभवी शिबिरप्रमुख एच. डब्ल्यू. गिब्सन यांनी 1911 मध्ये ‘कॅम्पिंग फॉर बॉइज’ हे मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्यात हवामानाचा अंदाज कसा बांधावा यावर एक प्रकरण आहे आणि पावसाळी दिवसाच्या खेळांवर दुसरे. रिकामा पावसाळी दिवस शिबिराच्या शिस्तीला घातक असतो, हे अनुभवी मंडळी ओळखून होती. मग मोठ्या तंबूत सगळ्यांना गोळा करून खोटे खटले चालवत, कोडी घालत, पडद्यामागे दिवा ठेवून सावल्यांची नाटुकली करत. कोणी मोठ्याने गोष्ट वाचून दाखवी. शिबिराचे हस्तलिखित वृत्तपत्र याच दिवसांत पुरे होई, फाटके कपडे शिवले जात आणि घरची राहिलेली पत्रे लिहून होत.

खरा धोका मात्र पाण्यावर असताना विजेचा होता. तळ्याच्या मध्यावर असलेल्या मुलाला किनारा गाठायला वेळ लागतो आणि मोकळ्या पाण्यात वल्हवणाऱ्याइतके उंच दुसरे काही नसते. त्यामुळे पहिला गडगडाट ऐकू येताच घंटा किंवा बिगूल वाजवून साऱ्या होड्या परत बोलावत. त्या ओढून पालथ्या घालत आणि हजेरी घेत. पोहताना प्रत्येक मुलाला जोडीदार ठरवून देण्याची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. अशा घाईच्या वेळी तिचा फार उपयोग होई, कारण कोण मागे राहिले हे जोडीदार लगेच सांगू शके.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत शिबिरांचे रूप पालटले. आधी तंबूंखाली खांबांवर उचललेल्या लाकडी फळ्या आल्या, त्यामुळे पाणी खालून वाहून जाऊ लागले आणि चर खणण्याची गरज कमी झाली. मग पक्क्या छपराचे भोजनगृह आणि सभागृह आले. तिथे दगडी चुलाणे असे. पावसात सारे शिबिर त्याभोवती जमे आणि ओले कपडेही तिथेच वाळत. शेवटी तंबूंची जागा लाकडी खोल्यांनी घेतली, पण त्यांना पूर्ण भिंती नव्हत्या. क्षयाच्या भीतीने त्या काळचे डॉक्टर मोकळ्या हवेत झोपण्याचा आग्रह धरत. म्हणून भिंतीचा वरचा भाग उघडा ठेवून त्याला जाळी आणि वर उचलता येणाऱ्या झडपा बसवत. वारा सुटला की झडपा पाडायच्या आणि पाऊस ओसरला की पुन्हा वर करायच्या, हे तणाव्यांच्या जागी आलेले नवे काम झाले.

1930 च्या दशकात मंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेतून राष्ट्रीय उद्यान विभागाने ठिकठिकाणी सामूहिक शिबिरे बांधली. त्यांत मुलांची लहान गटांत विभागणी करून प्रत्येक गटासाठी खोल्यांचा पुंजका आणि चुलाण्यासह छोटे सभागृह देण्यात आले. त्यामुळे पावसाच्या दिवशी प्रत्येक गटाला जवळच कोरडी जागा मिळाली. याच दशकात 21 सप्टेंबर 1938 रोजी मोठे चक्रीवादळ न्यू इंग्लंडवर आदळले आणि त्यात सहाशेहून अधिक माणसे दगावली. शाळा सुरू झाल्या असल्याने शिबिरे रिकामी होती, पण या भागातल्या जंगलात अतोनात झाडे पडली.

पक्के छप्पर म्हणजे सुरक्षितता, या समजाला मोठा धक्का बसला तो 11 जून 2008 रोजी. आयोवा राज्यातील लिटल सू स्काउट रँच येथे नेतृत्व प्रशिक्षणासाठी आलेल्या बॉय स्काउट्सच्या शिबिरावर संध्याकाळी टोर्नेडो आदळला. आसऱ्यासाठी मुले ज्या इमारतीत शिरली होती, तिचे चुलाण्याचे धुराडे कोसळले. चार मुले मृत्युमुखी पडली आणि अनेक जखमी झाली. आपत्तीच्या वेळी काय करायचे याचा सराव मुलांनी आधी केलेला होता. बाहेरून मदत येईपर्यंत त्यांनीच ढिगारे उपसले आणि जखमींवर प्रथमोपचार केले. पावसापासून वाचवणारे छप्पर टोर्नेडोत तग धरेलच असे नाही, हा धडा या घटनेने दिला.

आजच्या शिबिरांत आडोसा आणि वादळनिवारा या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. पावसासाठी सभागृह आणि पर्यायी कार्यक्रम तयार असतो. टोर्नेडोच्या पट्ट्यात तळघर किंवा खास मजबुतीची खोली कोणती, हे मुलांना पहिल्याच दिवशी दाखवले जाते. हवामान खात्याच्या सूचना रेडिओवर आणि फोनवर येतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला, तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे असे समजून मैदान आणि पाणी रिकामे करतात. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे उलटल्याशिवाय कोणालाही बाहेर सोडत नाहीत. अनेक ठिकाणी तर गडगडाट ऐकू येताच आत जायचे, एवढाच सोपा नियम लावतात. तंबूत राहणाऱ्या गटांनाही वीज चमकू लागली की पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे लागते, कारण तंबू पाऊस अडवतो, वीज अडवत नाही.