मोडलेला खुबा आणि दैवाची सबब

परभणी जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही एक वाक्य सतत ऐकतो: "म्हातारी पडली, खुबा मोडला, आता काय ती उठत नाही." वयाचे भोग म्हणून घरचेही ते मान्य करतात. आम्ही करत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी हे वाक्य खरे होते. १८२२ मध्ये लंडनचे सर्जन ॲस्टली कूपर यांनी लिहिले की, मांडीच्या हाडाची मान सांध्याच्या आत मोडली तर ती जुळत नाही. हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठाच तुटतो. पण १९३१ मध्ये बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी खिळा घालून हाड जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पुढे धातूचा गोल बसवणेही रुळले. आज इंग्लंडमध्ये दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावी, असा दंडक आहे. कारण माणूस पडून राहिला की पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात.

मग आपली आजी का पडून राहिली?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. पण तो बारमाही कारखान्यांपुरता. शेतमजूर बाई आणि ऊसतोड कामगार बाहेरच राहिले. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ मध्येच सांगितले होते. तो आराखडा पूर्ण कधीच उतरला नाही. २०१२ मध्ये जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात शेजारचे नांदेड होते, परभणी नव्हते. परभणीला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. सरकारी मेडिकल कॉलेज तर २०२३ मध्ये.

म्हणजे इलाज होता, तो आपल्यापर्यंत पोचू दिला गेला नाही. या उशिराला दैव म्हणणे म्हणजे व्यवस्थेला माफी देणे. कर्मविपाकाची ही भाषा आपण धम्म स्वीकारताना सोडली आहे. दवाखान्याच्या दारातही ती सोडली पाहिजे.

कार्यकर्त्यांनो, म्हातारं माणूस पडलं, पाय आखूड दिसतो, बाहेर वळलाय, उभं राहता येत नाही, तर चोळू नका, पट्ट्या बांधून वाट पाहू नका. त्याच दिवशी एक्स-रे काढा. रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या, आरोग्यमित्राला गाठा. नकार मिळाला तर तो लेखी मागा. आठवडे गेले की साधे जोडकाम होत नाही, ऑपरेशन मोठे होते आणि खर्चही वाढतो.

आजीचे चालणे हा तिचा हक्क आहे. तो मागायला आपण तिच्यासोबत गेलो पाहिजे.

जयभीम!