खाडा आणि सुट्टी

आमच्या चर्चच्या साक्रिस्तीत भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली आहे. तिच्यात रविवारचे रकाने तांबड्या शाईत छापलेले असतात. एका वर्षी सोयाबीनची सोंगणी ऐन भरात असताना आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ सलग चार रविवार मिस्सेला दिसले नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. ते एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी आहेत. मनात तिसऱ्या आज्ञेवरचे एक छोटेसे प्रवचन तयार करूनच मी गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “लाल दिवस तुमच्या कॅलेंडरात हाये, फादर. मालकाच्या वहीत त्याले खाडा म्हणतात.”

त्यांच्या पत्नीने मला अंगणापर्यंत पोहोचवले. तीन महिने त्यांना रात्रीची झोप नाही, जेवणात लक्ष नाही, कधी कधी विहिरीच्या काठावर नुसते बसून राहतात, असे तिने हलक्या आवाजात सांगितले. माझे प्रवचन कोणत्या माणसापुढे झाले होते, हे मला तेव्हा कळले.

त्या दिवसापासून हा तांबडा रकाना कोठून आला, याचा शोध घेण्याचा नाद मला लागला. आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी की, रविवारची सुट्टी इंग्रजांनी आणि मिशनऱ्यांनी दिली. सरकारी कचेऱ्या आणि मिशनच्या शाळा रविवारी बंद असत, इतपत ते खरे आहे. पण ज्यांच्या अंगाचे पाणी पाणी होत होते, त्या गिरणी कामगारांना ती कोणी दिली नाही. ती त्यांना मिळवावी लागली. ती मिळवून देणारा पुढारी ना गोरा होता ना ख्रिस्ती. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचे नाव.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. काही काळ त्यांनी मुंबईतील एका कापड गिरणीत कोठारावर नोकरी केली, त्यामुळे गिरणीतले जिणे त्यांनी आतून पाहिले होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून त्यांनी मुंबईत चालवले. तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की भोंगा वाजे आणि मावळला की काम थांबे; म्हणजे हिवाळ्यात दहा-अकरा तास आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा. सणावाराच्या मोजक्या सुट्ट्या असत. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती आणि रविवारी यंत्रे थांबली तरी ती पुसण्यासाठी कामगारांना दुपारपर्यंत बोलावून घेत. सुट्टी असलीच तर ती यंत्राला होती.

२३ सप्टेंबर १८८४ रोजी परळ भागात लोखंडे यांनी कामगारांची सभा भरवली. तिच्यातून जे निवेदन तयार झाले, त्याखाली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या आणि अंगठे होते. मागण्या पाहिल्या म्हणजे मन थक्क होते. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि कायमचा अपंग झालेल्याला निर्वाहाची सोय. यात पगारवाढीचा शब्द नाही. पहिली मागणी विश्रांतीची आहे, दुसरीही विश्रांतीचीच.

मालकांचे म्हणणे असे की, हा कामगार मुळात शेतकरी आहे, मनात आले की गावी निघून जातो, त्याला वेगळी सुट्टी कशाला? त्या काळच्या बऱ्याच देशी वृत्तपत्रांनाही कारखान्यांचे कायदे नको होते. मुंबईच्या गिरण्यांची भरभराट लँकेशायरच्या कारखानदारांच्या डोळ्यांत खुपते, म्हणून तेच हिंदी मजुराचा कळवळा दाखवीत आहेत, असा त्यांचा संशय होता. तो संशय खोटा नव्हता. पण लँकेशायरचा हेतू शुद्ध नसला म्हणून मुंबईच्या मजुराची पाठ दुखायची थांबत नव्हती. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी सद्गृहस्थांनी कामगारांच्या बाजूने कायद्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी आपल्याच वर्गाचा रोष पत्करला, याचाही येथे कृतज्ञतेने उल्लेख केला पाहिजे.

पुढे सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषण केले. त्या काळात मुंबईच्या उघड्या मैदानावर गिरणीतल्या बाईने दहा हजार माणसांसमोर बोलावे, ही लहान गोष्ट नव्हे. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो बहुजनांनाही मानवणारा, अशी लोखंडे यांची मांडणी सांगितली जाते. मला तिच्यात मोठा शहाणपणा दिसतो. त्यांना दिवस हवा होता. त्याचा धर्म कोणता, यावर त्यांनी भांडण होऊ दिले नाही. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी कारखान्यांचा कायदा दुरुस्त झाला. त्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास आला, स्त्रियांच्या कामावर अकरा तासांची मर्यादा आली.

योगायोग पाहा. परमगुरू तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे कामगारांविषयीचे विख्यात परिपत्रक १५ मे १८९१ रोजी प्रसिद्ध झाले. रविवारच्या विश्रांतीचा हक्क त्यात ठामपणे मांडला आहे आणि मजुराचा आत्मा व शरीर दोन्ही झिजवून टाकणाऱ्या कामाचा निषेध केला आहे. सेमिनरीत आम्ही ते परिपत्रक जवळजवळ पाठ केले होते. पण ते रोममध्ये प्रसिद्ध होण्याच्या अकरा महिने आधी परळच्या गिरणी कामगारांनी आपला रविवार मिळवला होता, हे आम्हाला कोणी शिकवले नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १८९० साली वाशीमला इंग्रजी दप्तरात ‘बासिम’ म्हणत. तो वऱ्हाडातला एक स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला आणि त्यातला वाशीमचा भाग अकोल्यात विलीन झाला; १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. मुंबईच्या ज्या गिरण्यांनी रविवार मान्य केला, त्यांच्या चात्यांवर वऱ्हाडचा कापूसही चढत होता. पुढे कारंजा लाडवरून जाणारी शकुंतला रेल्वे, जी आता धावत नाही, तीही मुख्यतः कापसासाठीच घातली गेली. मात्र कापूस जेथे पिकत होता आणि जेथे त्याची सरकी काढली जात होती, तेथे सुट्टी पोहोचली नाही. १८८१ चा पहिला कायदा शंभरांहून कमी माणसांच्या आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता; म्हणजे हंगामी जिनिंग बहुतेक सुटले. शेजारच्या खानदेशातील जिनिंगमध्ये हंगामात बाया पहाटे चार-पाचपासून रात्री नऊ-दहापर्यंत राबत, अशा साक्षी मुंबई सरकारच्या चौकशीपुढे झाल्या आहेत. शेताचा तर कोणी विचारच केला नाही.

ही सूट फार जुनी आहे. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाईन याने ७ मार्च ३२१ रोजी सूर्यवार विश्रांतीचा दिवस म्हणून जाहीर केला, तेव्हा न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांना काम बंद ठेवण्याची आज्ञा झाली. शेतकऱ्याला मात्र काम चालू ठेवण्याची मोकळीक दिली. कारण असे की, पेरणीचा आणि लागवडीचा योग्य दिवस एकदा हुकला तर पुन्हा हाती लागत नाही. कारण खरे आहे. वाफसा रविवार पाहून येत नाही. पण मोकळीक हळूहळू सक्ती होते आणि मग तिला खाडा हे नाव पडते.

बायबलमध्ये मात्र अशी सूट नाही. निर्गमच्या पुस्तकात तर नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विश्रांती पाळावी, असे स्पष्ट सांगितले आहे. विश्रांतीची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते आणि दोन्ही ठिकाणी कारण निराळे आहे. निर्गमात ते सृष्टीच्या निर्मितीचे आहे; अनुवादात मिसर देशातील गुलामगिरीच्या आठवणीचे. ज्याला एकही दिवस स्वतःचा नव्हता, त्याने आता आपल्या दासालाही दिवस द्यावा, असा त्याचा आशय. मुलगा, मुलगी, दास, दासी, परका, बैल आणि गाढव यांचीही तेथे नावनिशी नोंद आहे. गृहिणीची तेवढी नाही. तिचा समावेश ‘तू’ या संबोधनात होतो, असे भाष्यकार सांगतात. आपल्या स्वयंपाकघरांपर्यंत हे भाष्य अद्याप पोहोचलेले दिसत नाही. रविवारी घरची सगळी मंडळी निवांत असतात, त्या दिवशी तिला काम जास्त.

बैलाला तर आपल्या मातीनेच दिवस दिला आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी होते, जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. ज्याने वर्षभर ओझे वाहिले, त्याचे अंग नेमके कोठे दुखत असेल, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. आता बैल कमी झाले आणि ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराच्या खांद्याची खांदमळणी कोणी करीत नाही.

हे मी सहज लिहीत नाही. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वाशीम होता. कर्ज, नापिकी, भाव ही कारणे आहेतच. त्यांवर विश्रांती हा उपाय नव्हे आणि कोणी तसे सांगू लागला तर तो भुकेल्याची थट्टा ठरेल. पण थकलेले मन वाट शोधू शकत नाही, हेही तितकेच खरे. पुढे राज्य शासनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाने जिल्हा रुग्णालयांतून शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस सुरू केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा उपचारांचा हक्क मान्य केला. १४४१६ या क्रमांकावर आता कोणालाही विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक आमच्या चर्चच्या दारावर लावलेला आहे.

मनाच्या थकव्याला पाप समजण्याची चूक आम्ही धर्मगुरूंनीही केली आहे. चौथ्या शतकातील वाळवंटातल्या तापसांनी भर दुपारी मनावर येणाऱ्या उदासीनतेचे सूक्ष्म वर्णन केले होते. पुढे तिची गणना सरसकट आळसात झाली आणि आळस तर महापातकांपैकी एक. एलिया संदेष्ट्याची कथा आठवावी. तो रानात झुडपाखाली बसून मरण मागत होता. परमेश्वराने त्याला बोल लावला नाही, आज्ञाही वाचून दाखवली नाही. त्याला झोपू दिले. मग दूत आला तो भाकर आणि पाणी घेऊन. ते खाऊन एलिया पुन्हा झोपला आणि तेव्हाही त्याला कोणी टोकले नाही. पुढच्या वाटचालीची गोष्ट दुसऱ्या जेवणाच्या वेळी निघाली. मी त्या घरी गेलो तेव्हा माझ्या हाती भाकर नव्हती, प्रवचन होते.

नंतर मी त्या गृहस्थांना जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. औषध सुरू झाले. पाडव्याला नव्या सालाचा ठराव होतो, तेव्हा त्यांच्या मालकाशीही बोललो. ते माणूस म्हणून वाईट नाहीत; वर्षानुवर्षे सुट्टी त्यांनी स्वतःही घेतलेली नव्हती. बरीच घासाघीस होऊन महिन्यातले दोन रविवार बिनखाड्याचे ठरले. चारही मिळावेत, असा माझा आग्रह होता. तो मान्य झाला नाही.

पहिल्या सुट्टीच्या रविवारी ते मिस्सेला आले आणि मागच्या बाकावर बसले. प्रवचन सुरू होऊन पाच मिनिटे झाली नसतील, तोच त्यांना गाढ झोप लागली. शेजारच्याने कोपराने ढोसले. मी वेदीजवळूनच हाताने खूण केली, राहू द्या, आणि आवाज थोडा खाली आणला.