हर्णैत मराठी शिकला आणि मुंबईत वाद घालायला उभा राहिला, कोण होता हा स्कॉटिश पाद्री?

केळशीच्या उत्तरेला बाणकोट, दक्षिणेला हर्णै. आज या पट्ट्यात लोक जातात ते मासळी आणि समुद्रासाठी. पण दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटिश मिशनरी इथं आले ते धर्मप्रचारासाठी. १८२३ मध्ये त्यांनी बाणकोटला काम सुरू केलं.

१८२९ मध्ये त्यांच्यात सामील झाला जॉन विल्सन. वय २४, सोबत पत्नी मार्गारेट. मुंबईत उतरल्यावर दोघं मराठी शिकायला थेट हर्णैला गेले, म्हणजे सुवर्णदुर्गाच्या समोर! त्याच वर्षी ते मुंबईला परतले आणि विल्सन मराठीत प्रवचनं द्यायला लागला.

भाषा तो कशासाठी शिकला, हे विसरून चालणार नाही. त्याला इथल्या लोकांना ख्रिस्ती करायचं होतं. त्यासाठी तो पंडितांशी जाहीर वाद घालायचा. मोरभट दांडेकरांनी त्याला छापील उत्तर दिलं, त्यावर १८३२ मध्ये विल्सननं पुन्हा पुस्तक काढलं. एक प्रकारे मराठी माणसाला छापील वादविवादाची सवय लागली ती अशा भांडणांतूनच.

१८३९ मध्ये मात्र प्रकरण पेटलं. विल्सनच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज कोर्टात गेला. निकाल विल्सनच्या बाजूनं लागला, पण पालकांनी पटापट मुलं शाळेतून काढून घेतली. आपला मुलगा शाळेतून कुणाचा होऊन परत येणार, ही त्यांची भीती काही खोटी नव्हती.

मार्गारेटनं मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या होत्या. १८३५ मध्ये ती वारली. तिचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, घ्यायला हवं खरंतर.

विल्सन पुढं लेणी आणि शिलालेखांच्या अभ्यासात रमला. १८५७ च्या मोल्सवर्थ कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत मराठी भाषेवरचं टिपण त्याचंच. तो मुंबई विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. १८७५ मध्ये मुंबईतच गेला. १८३२ मध्ये त्यानं सुरू केलेली शाळा म्हणजे आजचं चौपाटीवरचं विल्सन कॉलेज.

आणि हो, पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ मध्ये एक मुलगा दाखल झाला होता. त्याचं नाव जोतीराव फुले.