काच, पडदा आणि सांगणारा

कापड ओलं केलं की त्यातून उजेड चांगला आरपार जातो. जुन्या मॅजिक लँटर्नवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. दोन खांबांमध्ये पांढरं कापड ताणायचं, त्यावर पाणी मारायचं आणि कंदील कापडाच्या मागे ठेवायचा. समोर बसलेल्यांना ना यंत्र दिसे, ना ते चालवणारा माणूस. काळोखात नुसतं चित्र उमटे. कापड वाळलं की चित्र मंद होई, मग पुन्हा पाणी.

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातल्या, धार्मिक चित्रपटाचं कूळ शोधायला निघालं की या ओल्या कापडापाशी यावं लागतं. आणि आणखी मागे गेलं की चित्र संपतं आणि सापडतो तो सांगणाऱ्याचा आवाज.

उदाहरणादाखल खर्डा घेऊ. हे जामखेड तालुक्यातलं, जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचं गाव. निंबाळकरांचा भुईकोट आणि 11 मार्च 1795 ची मराठे-निजाम लढाई यांसाठी सगळ्यांना माहीत असलेलं. नगर शहरापासून शंभरेक किलोमीटर. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाण मांडलं, 1842 मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. पण छापलेला कागद वाचणाऱ्यापर्यंतच जातो, आणि अशा लांबच्या गावांत तेव्हा वाचणारे किती असणार? म्हणून हिवाळ्यात तंबू घेऊन गावोगाव फिरायचं, ही मिशनऱ्यांची रीत होती. दिवसा चावडीवर किंवा बाजारात बोलायचं. रात्री काय करायचं, हा खरा प्रश्न होता. दिवसभर राबलेला माणूस उपदेश ऐकायला रात्री का येईल?

उत्तर साहेबांना सुचलं नाही, ते इथल्या ख्रिस्ती माणसांनी दिलं. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे हे कवी आणि गाणारे. त्यांच्यासारख्यांनी येशूचं चरित्र कीर्तनात आणलं. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये साक्या, दिंड्या, पदं. हरवलेल्या मुलाचा दाखला असा लावून धरायचा की बाप दारात उभा राहून वाट पाहतो तिथे ऐकणाऱ्याचा कंठ दाटावा. पुढे 1895 मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक नगरला राहिले आणि त्यांनी या भक्तीला अभंगाचं घर दिलं. ख्रिस्ती कीर्तन ही मला मराठी भाषेची फार मोठी कमाई वाटते. तिची नोंद आपल्या साहित्येतिहासात फार तोकडी होते, याचं मला वाईट वाटतं.

म्हणजे कंदील आला तेव्हा सांगणारा तयार होता.

त्या कंदिलाची एक काच हातात घेऊन पाहावी. साधारण सव्वातीन इंच चौरस, दोन काचांमध्ये चित्र दाबलेलं, कडांना काळी कागदी पट्टी. कंदिलात ती उलटी घालायची, म्हणजे पडद्यावर सुलटी दिसते. आत रॉकेलची वात. काच तापते, म्हणून हात जपून लावायचा. कुठे रंग हाताने भरलेले, आणि भिंगातून गेल्यावर ब्रशचा एक चुकार फटकारा पडद्यावर हातभर होणार. एका खेळाला अशा काही डझन काचा. प्रत्येक काच सांगणारा बोलेल तितका वेळ थांबणार. चित्र थांबतं, म्हणून गोष्ट चालते.

थांबलेल्या चित्रावरून गोष्ट सांगणं गावाला नवखं नव्हतंच. पिंगुळीचे चित्रकथी ठाकर पोथीतलं एकेक चित्र उभं धरून रामायण सांगत, पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रं अशाच सांगण्यासाठी काढलेली. चित्रकथ्याच्या मांडीवरचं पान तेवढं भिंतीएवढं झालं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 च्या सुमारास याच यंत्रावर पौराणिक खेळ सुरू केले आणि त्याला ‘शांबरिक खरोलिका’ हे नाव दिलं. मायावी शंबरासुराची आठवण ठेवणारा हा शब्द ‘मॅजिक लँटर्न’पेक्षा मला कितीतरी देखणा वाटतो. तोंडातून बाहेर यायला जड, म्हणून टिकला नसावा.

मग काच हलू लागली. 1910-11 च्या सुमारास गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पुन्हा पाहिला, पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले. पडद्यावर येशू सरकत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण आणि राम उभे राहत होते, असं त्यांनी पुढे 1917 मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिलं. 3 मे 1913 ला कोरोनेशन थिएटरात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भारतीय चित्रपटाच्या जन्माशी ख्रिस्तकथेचा एक धागा असा बांधलेला आहे.

पण हलत्या चित्राने एक गोष्ट हिरावून घेतली: थांबणं. सांगणाऱ्याला आता चित्रामागे धावायचं होतं. मग बोलपटाने त्याचं कामच काढून घेतलं.

तरी तो पुरता गेला नाही. 1978 मध्ये ए. भीमसिंग यांचा, विजयचंदर येशू झालेले, तेलुगू ‘करुणामयुडु’ आला. हिंदीत तो ‘दयासागर’ झाला आणि 16 मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवरून गावोगावच्या पटांगणांत पोचला. ज्यांनी असा खेळ पाहिला आहे त्यांना रीळ बदलतानाची ती मिनिटं आठवतील. पडदा पांढरा, जनरेटरचा आवाज, पोरं पडद्यामागून उलटं चित्र पाहून परतलेली. त्या फटीत कोणीतरी माईक हातात घ्यायचं आणि पुढे काय होणार ते सांगू लागायचं.

आणि थांबलेलं चित्रही पुरतं गेलं नाही. खर्ड्याच्याच तालुक्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे तयार झालेल्या गावोगावच्या आरोग्यसेविकांपैकी अनेकींना सुरुवातीला अक्षरओळख नव्हती. त्या गाणी म्हणत आणि चित्रांची कार्डं दाखवत जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं ते शिकवत. ओसरीवर बायका बसलेल्या, बाईच्या हातात एक कार्ड उभं धरलेलं. सगळ्यांचं बघून होईपर्यंत ती पुढचं काढत नाही.