विश्लेषण : चेहऱ्याच्या जुनाट दुखण्यावर ‘बोटॉक्स’ कसे काम करते?

दाढ काढली, रूट कॅनल झाले, तरी गालातली कळ थांबत नाही. चेहरा आणि तोंडाच्या जुनाट दुखण्याचे काही रुग्ण असे दाताच्या दवाखान्यातून मेंदूविकारतज्ज्ञांकडे पोहोचतात. त्यांच्यापैकी काहींना बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने सुचवली जातात. सुरकुत्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे औषध दुखण्यावर कसे चालते? आणि कोणाला त्याचा उपयोग होतो?

हे औषध नेमके काय आहे?

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूपासून मिळणारे हे विष आहे. दूषित डबाबंद अन्नातून ते पोटात गेले, तर स्नायू लुळे पडतात आणि जीवही जाऊ शकतो. उपचारात मात्र त्याची अतिसूक्ष्म मात्रा ठरावीक जागी टोचतात. ‘बोटॉक्स’ हे त्याच्या एका ब्रँडचे नाव. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८९ मध्ये त्याला मान्यता दिली, ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. कपाळावरच्या आठ्यांसाठीची मान्यता त्यानंतर, २००२ मध्ये आली.

वेदना कशी कमी होते?

नसेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन बाहेर पडले की स्नायू आवळतो. बोट्युलिनम हे रसायन बाहेर पडू देत नाही, त्यामुळे स्नायू सैल पडतो. वेदनेचा संदेश वाढवणारी काही रसायनेही ते रोखते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणूनच दुखण्याचे मूळ स्नायूत नसून नसेत असले, तरी काहींना आराम पडतो.

कोणत्या दुखण्यात उपयोग?

सर्वांत भक्कम पुरावा जुनाट मायग्रेनबाबत आहे. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोके दुखणाऱ्यांसाठी २०१० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. डोके, मान आणि खांद्यांवरील ३१ जागी मिळून १५५ युनिट औषध दर १२ आठवड्यांनी दिले जाते.

ट्रायजेमिनल न्यूराल्जियात दात घासताना, चूळ भरताना किंवा वाऱ्याची झुळूक लागली तरी चेहऱ्याच्या एका बाजूला विजेच्या झटक्यासारखी कळ येते. यावर आधी कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन या गोळ्या देतात. त्या सोसत नसतील किंवा पुरत नसतील, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो आणि काही रुग्णांत बोट्युलिनमचाही. छोट्या चाचण्यांत त्याने कळा कमी झाल्याचे आढळले आहे.

जबड्याचे स्नायू आवळल्याने होणाऱ्या दुखण्यात निष्कर्ष संमिश्र आहेत. तिथे आधी जबड्याचे व्यायाम, मऊ आहार आणि रात्री दातांवर बसवायची पट्टी यांवर भर असतो.

मर्यादा आणि धोके कोणते?

परिणाम काही दिवसांत ते दोन आठवड्यांत जाणवतो आणि साधारण तीन महिने टिकतो. म्हणजे हा कायमचा इलाज नाही. खर्चही पुन्हा पुन्हा होतो. पापणी उतरणे, हसताना चेहरा वाकडा दिसणे, चावताना ताकद कमी पडणे असे त्रास होऊ शकतात. ते बहुधा तात्पुरते असतात. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे क्वचित घडते, पण तसे झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

गर्भवती, स्तनदा माता आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधीच सांगायला हवे.

इंजेक्शनआधी काय विचारावे?

पहिला प्रश्न : निदान पक्के झाले आहे का? किडलेला दात, सायनसचा संसर्ग, नसेवर दाब आणणारी रक्तवाहिनी किंवा गाठ यांमुळेही चेहरा दुखतो. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा संशय असेल, तर साधारणपणे एमआरआय करतात. दुसरा : कोणता ब्रँड, किती युनिट? एका ब्रँडचे युनिट दुसऱ्याच्या युनिटाएवढे नसते. तिसरा : टोचणाऱ्या डॉक्टरांना दुखण्याच्या उपचाराचा अनुभव आहे का? सुरकुत्या घालवणे आणि कळ शमवणे यांसाठी औषध तेच असले, तरी जागा आणि मात्रा वेगळ्या असतात.