पडत्या काळातला राखणदार

पिकाचं कौतुक सगळे करतात, राखणीला कोण विचारतो? फुटबॉलातही गोल मारणाऱ्याचं नाव होतं, अडवणाऱ्याचं क्वचितच. म्हणून इटलीच्या फ्रँको बारेसीची गोष्ट मला सांगावीशी वाटते.

१९६० साली ब्रेशियाजवळच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी हा जन्मला. आईबाप पोरवयातच गेले. मिलान शहरात दोन मोठे क्लब. थोरल्या भावाला इंटरनं घेतलं, फ्रँकोला मात्र नको म्हटलं. त्याला ठेवून घेतलं ते एसी मिलाननं. १९७८ साली, सतराव्या वर्षी तो पहिला मोठा सामना खेळला.

१९८० साली सट्ट्याच्या प्रकरणात मिलानला खालच्या वर्गात टाकलं. क्लब वर आला आणि १९८२ साली पुन्हा घसरला, यावेळी खेळातच हरून. पण हा गडी हलला नाही. २२ व्या वर्षी कप्तान झाला. पुढं दिवस पालटले. इटलीचं अजिंक्यपद त्यानं सहा वेळा जिंकलं. १९८९ आणि १९९० साली युरोपचा चषकही उचलला.

१९९४ च्या विश्वचषकात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. साडेतीन आठवड्यांत गडी अंतिम सामन्यात उभा! ब्राझीलला १२० मिनिटांत एकही गोल करता आला नाही. शेवटी पेनल्टीत त्याचाच चेंडू वरून गेला. तो ढसाढसा रडला.

१९९७ साली तो थांबला. २० हंगाम, ७१९ सामने, क्लब एकच. त्याचा ६ नंबरचा सदरा मिलाननं पुन्हा कुणाला दिला नाही. सुगीत पाव्हणे पुष्कळ येतात. दुष्काळात कोण थांबलं, तेवढंच गाव ध्यानात ठेवतं.