शून्याच्या ओळीतला एक

परवा नातवाने एक कागद छापून माझ्यासमोर ठेवला. "आजोबा, तुम्ही इतिहास शिकवायचात ना? मग हे वाचून दाखवा!" पाहतो तो काय, नुसती नावे आणि आकडे! तो शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळतो आणि मला त्या खेळातले फारसे कळत नाही, हे त्याला चांगले ठाऊक आहे. पण निकालपत्रके करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला रकान्यांची भीती कसली? चष्मा लावून बसलो.

कागद होता २ मार्च १९६२ च्या रात्रीचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तिथे फिलाडेल्फिया वॉरियर्स आणि न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघांचा सामना झाला. वॉरियर्स १६९, निक्स १४७. प्रेक्षक ४,१२४. आणि विल्ट चेंबरलेन या सात फुटांहून उंच खेळाडूच्या नावापुढे गुण १००! एका सामन्यात एकट्याने शंभर.

मास्तरकीची खोड जात नाही. आधी बेरीज तपासली. ६३ प्रयत्नांत ३६ बास्केट, प्रत्येकी दोन गुण, म्हणजे ७२. (तीन गुणांची रेषा या लीगमध्ये १९७९ मध्ये आली.) फ्री थ्रो ३२ पैकी २८. बहात्तर आणि अठ्ठावीस, बरोबर शंभर. चार डावांतले गुण २३, १८, २८ आणि ३१, तीही बेरीज शंभरच. गंमत म्हणजे फ्री थ्रो हा त्याचा कच्चा विषय. त्या हंगामात शंभरात साधारण एकसष्टच जायचे. दोन्ही हातांनी खालून, लहान मुलासारखा तो चेंडू फेकायचा. त्या रात्री मात्र बत्तिसात चारच चुकले.

इथपर्यंत नातू खूश होता. मग मी बाकीच्या ओळी वाचायला लागलो.

चेंबरलेनचे शंभर वजा केले तर वॉरियर्सच्या इतरांचे उरतात ६९. त्यात अल ॲटल्सचे १७. त्याने आठ वेळा चेंडू टाकला, आठही वेळा बास्केट. फ्री थ्रो एक मिळाला, तोही गेला. म्हणजे त्या रात्री त्याची एकही फेक चुकली नाही! दुसऱ्या कुठल्याही रात्री त्याचे नाव मथळ्यात आले असते. तो पुढे गमतीने सांगायचा की विल्टने आणि मी मिळून ११७ गुण केले. हाच ॲटल्स नंतर त्याच संघाचा प्रशिक्षक झाला आणि १९७५ मध्ये त्याने विजेतेपद मिळवून दिले.

गाय रॉजर्सचे गुण ११, पण असिस्ट २०. असिस्ट म्हणजे ज्या पासवर सहकाऱ्याने लगेच बास्केट केली तो पास. शंभराच्या डोंगराखाली या वीस पासांचा पाया आहे. हरलेल्या निक्सचेही पाहा. गेरिन ३९, बकनर ३३, नॉल्स ३१. तिघांचे मिळून १०३. पण हरलेल्यांची ओळ कोण वाचतो?

आणि मग अगदी तळाशी जो रुक्लिक. राखीव खेळाडू. गुण ० आणि असिस्ट १.

नातू म्हणाला, "याचं काय वाचायचं?" मी म्हटले, थांब जरा. सामना संपायला ४६ सेकंद उरली असताना चेंबरलेनचा शंभरावा गुण झाला. तो चेंडू त्याच्या हातात दिला रुक्लिकने. बास्केटवर स्वतः नेम धरून नावापुढचे शून्य पुसायचा प्रयत्न त्याला करता आला असता. त्याने पास दिला. सांगतात की नंतर तो गुण नोंदवणाऱ्यांच्या टेबलाशी गेला आणि आपला असिस्ट लिहिला ना, याची त्याने खात्री करून घेतली. पुढे तो शिकागोत पत्रकार झाला. नोंद राहिली तरच घटना राहते, हे त्याला तेव्हाच कळले असावे.

कारण बाकी पुरावा थोडाच आहे. त्या सामन्याचे चित्रीकरण नाही. रेडिओवरच्या समालोचनातला शेवटचा डाव तेवढा ध्वनिमुद्रित स्वरूपात उरला. संघाचे आकडे सांभाळणाऱ्या हार्वी पोलॅकने एका कागदावर १०० लिहून चेंबरलेनच्या हाती दिले, तो फोटो जगभर गेला. चेंबरलेनने प्रतिस्पर्ध्यांचे किती चेंडू हवेत अडवले, ते कागदावर नाही, कारण तो रकानाच १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाला. शेवटच्या डावात त्याला चेंडू मिळू नये म्हणून निक्सवाले मुद्दाम इतरांवर फाऊल करत होते आणि चेंडू परत मिळवायला वॉरियर्सवालेही उलट तेच करत होते. तो सावळा गोंधळही कागदाने नीट सांगितलेला नाही. कागद खोटे बोलत नाही, पण विचारले तेवढेच सांगतो.

हे वाचताना मला एक जुना वर्ग आठवला. माझा एक विद्यार्थी दहावीला इंग्रजीत नापास झाला. प्रगतिपुस्तकात मी स्वतःच्या अक्षरात शेरा मारला होता, 'अभ्यासाकडे लक्ष नाही'. हा मुलगा पोलिओने पाय गेलेल्या मित्राला रोज सायकलवर डबलसीट शाळेत आणायचा. ऊन असो, पाऊस असो. तो मित्र पहिल्या वर्गात पास झाला आणि पुढे बँकेत अधिकारी झाला. निकालपत्रकात दोघांच्या ओळी मीच भरल्या. एकीपुढे टक्के, दुसरीपुढे लाल रेघ. रकाना नव्हता, हे खरे. पण शेऱ्याची जागा रिकामीच होती, तिथे काय लिहायचे ते माझ्या हातात होते.

नातवाचा शनिवारी सामना आहे. तो बहुधा बाकावर बसेल, असे म्हणाला. मी जाणार आहे. वही आणि पेन्सिल घेऊन.